काळ्या मेघातला ठिपका

शिडी न कळवता आली, आणि आल्या आल्या तिनं मॅडमच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

शिडी म्हणजे मॅडमची वसतिगृहातली मैत्रीण. पंख्याला डोकं लागेल इतकी उंच, म्हणून शिडी. केस पिकले, डोळ्यांना चाळिशी लागली, दूरच्या एका नामांकित गटात संशोधक म्हणून नाव झालं, तरी हे नाव काही सुटलं नाही. वसतिगृहात मॅडमचंही एक नाव होतं, भागूबाई. कारण पाल दिसली की त्या पलंगावर उभ्या राहायच्या आणि पाल गेली तरी उतरायच्या नाहीत. आता त्या विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवत होत्या. विद्यार्थी त्यांना वचकून असत. पण शिडीपुढे त्या अजूनही भागूबाईच.

"तुला एक गंमत दाखवते," लॅपटॉप काढत शिडी म्हणाली. "पण आधी शपथ घे. कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा."

"अगं, पण आहे तरी काय?"

"आधी शपथ."

मॅडमना हसू आलं. शाळकरी मुलीसारखा गळ्याला चिमटा घेऊन त्या म्हणाल्या, "गळ्याशपथ. झालं समाधान?"

शिडीनं पडदा त्यांच्याकडे वळवला, आणि मॅडमचं हसू ओठांवरच राहिलं.

काळ्याभोर चौकटीत एक नारिंगी चकती होती, किंचित तिरकी, ताटलीसारखी. मधोमध तेजस्वी गाभा, आणि गाभा व कड यांच्यामध्ये एक काळं रिकामं कडं. मॅडमनी ती चकती ओळखली. आपल्या घरचं पातेलं शेजारणीच्या ओट्यावर दिसावं तशी ओळखली.

आकाशात काही जागा अशा असतात की तिथे कोणीतरी शाई सांडली आहे असं वाटतं. तिथे तारे नसतात असं नाही. पुढे धुळीचा आणि थंडगार वायूचा मेघ उभा असतो, त्यातून उजेड बाहेर पडत नाही. त्याच मेघाच्या पोटात नवे तारे जन्माला येतात. प्रत्येक तान्ह्या ताऱ्याभोवती धुळीची चकती फिरत असते, आणि त्या धुळीतूनच पुढे ग्रह घडतात. साध्या दुर्बिणीला यातलं काही दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र धुळीला जुमानत नाहीत. माळरानावर मांडलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या अनेक तबकड्या एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे वळवल्या, तर चकती दिसते. चकतीत रिकामं कडं दिसलं, तर बहुधा तिथे कोणीतरी वाटेतली धूळ गोळा करत फिरतंय. पण बहुधा. तो 'कोणीतरी' प्रत्यक्ष दिसणं ही दुर्मिळ गोष्ट.

आणि तो दिसला होता. मॅडमच्या विद्यार्थिनीला, याच ताऱ्याच्या याच कड्यात. एक फिकट ठिपका; स्वतःभोवती धूळ जमवत बसलेला कोवळा ग्रह. त्यावरचा शोधनिबंध तयार होता. सोमवारी पाठवायचा होता. आज गुरुवार होता.

शिडीच्या चित्रात ठिपका नव्हता.

"बघ तरी, किती साफ आहे!" शिडी कौतुकानं सांगत होती. "झाडून काढल्यासारखी फट. आम्ही तबकड्या लांब लांब नेऊन बघितलं, म्हणून एवढं रेखीव आलंय. आत ग्रह असेल आणि त्याच्याभोवती चिमूटभर जरी धूळ असेल, तरी दिसायलाच हवी होती. काही म्हणजे काही नाही. आमच्या म्हाताऱ्याला अजून विश्वास बसत नाहीये."

म्हातारा म्हणजे तिचा गटप्रमुख.

"छान आहे गं," मॅडम म्हणाल्या. आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं.

"नुसतं छान? आणि तू अशी पांढरीफटक का पडलीस?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. शिडीनं फटकन लॅपटॉप मिटला. दारात मुंगी उभी होती.

मुंगी म्हणजे तीच विद्यार्थिनी. दिवसभर काहीतरी ओढत, वाहत, नेत असायची म्हणून विभागात तिला हे नाव पडलं होतं, आणि तिला ते आवडायचंही. शिडीला बघून तिचे डोळे चमकले. "तुमचं व्याख्यान मी ऑनलाइन ऐकलंय! दोनदा!" मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, सोमवारी पाठवायचं ते नक्की ना? संशोधनवृत्तीच्या जागेची मुलाखत बुधवारी आहे, म्हणून विचारलं."

"हो," मॅडम म्हणाल्या. तो 'हो' तोंडातून आपला आपण निसटला.

"कशाचं गं?" मुंगी गेल्यावर शिडीनं विचारलं.

"तिचं काम. सांगेन नंतर."

शिडीला घाई होती. तिनं मैत्रिणीला मिठी मारली, दाराच्या चौकटीखाली डोकं सांभाळून वाकली आणि गेली.

*

त्या संध्याकाळी मॅडमनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, माझ्यावर राग असेल तर तोंडानं सांग हो. चहाकडून निरोप नको."

"नाही हो आई. लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठे असतं तुझं, ते वरतीच," छताकडे बोट दाखवून सासूबाई म्हणाल्या. "ते आणखी कोट्यवधी वर्षं तिथेच राहणारंय. चहा निवतो."

नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतः बोलत राहायची त्याला सवय. पण बायको घास नुसता चिवडते आहे हे त्याच्या लक्षात आलं. भांडी घासताना त्यानं हळूच विचारलं, "काय झालंय?"

"सांगता येणार नाही. शपथ घेतली आहे."

"माझ्याविरुद्ध?"

"तुझं नाव घेऊन."

"मग गंभीर आहे." त्यानं ताट पुसून ठेवलं. "नावं गाळून सांग."

त्यांनी नावं गाळून सांगितलं. एका माणसाला एक गोष्ट कळली. ती कोणाला सांगायची नाही असं त्यानं कबूल केलं होतं, ऐकण्याच्या आधी. आता त्या गोष्टीमुळे दुसरं एक माणूस खड्ड्यात पडणार हे त्याला दिसतंय. ओरडलं तर शपथ मोडते, गप्प बसलं तर माणूस पडतं.

"खड्ड्यात पडणारं माणूस म्हणजे मुंगी?"

"नावं गाळायची ठरलं होतं ना!"

"बरं, बरं." त्यानं पुढचं ताट पुसायला घेतलं. "कधी कधी दुखतो वरचा दात आणि कळ येते खालच्या जबड्यात. रोगी शपथेवर सांगतो की खालचाच काढा. तुझी कळ नक्की कुठली आहे? शपथ मोडण्याची, की तिचं काम चुकल्याची, की त्या निबंधावर तुझंही नाव आहे त्याची?"

मॅडमना त्याचा राग आला. कारण तिसरी कळ त्यांनी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती.

पडल्या पडल्या त्या हिशेब लावू लागल्या. आपलंच बरोबर असेल तर? शिडीच्या गटाकडूनही चूक होऊ शकते. पण ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट वर येऊ लागली, तळाशी बसलेला गाळ ढवळल्यावर यावी तशी. मुंगीनं मागे एकदा सगळ्या निरीक्षणांचे दोन भाग करून बघितले होते. पहिल्या भागात ठिपका ठसठशीत होता. दुसऱ्यात जेमतेम. तेव्हा मॅडमनीच म्हटलं होतं, "त्या दिवसांत हवा दमट होती, म्हणून फिका आला असेल." मुंगीनं मान डोलावली होती. दोघींनाही तो ठिपका हवा होता. हवा असलेल्या गोष्टीला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

*

शुक्रवारी सकाळी, विभागात कोणी यायच्या आत, त्यांनी शिडीला फोन लावला.

"शिडी, तू मला दाखवलंस तो तारा... माझी मुलगी, म्हणजे विद्यार्थिनी, त्याच ताऱ्यावर काम करते आहे. आमच्या चित्रात फटीत ठिपका आहे. सोमवारी निबंध जाणार आहे."

फोन लागलेला आहे ना, हे मॅडमनी तो कानापासून काढून बघितलं.

"तू काल का नाही बोललीस?"

"तू शपथ आधी घातलीस. आणि मग मला काही सुचलंच नाही."

"भागूबाई, ऐक," शिडीचा आवाज पडला होता. "गेल्या वर्षी आमच्यातल्या एकानं जेवणाच्या टेबलावर फोनमधलं एक चित्र दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात त्याचं नाव गटातून काढलं. म्हातारा वेडा आहे या बाबतीत. मी तुला दाखवलं कारण... कारण तू आहेस. हुरळले मी. हे बाहेर आलं तर मी संपले."

"मी तुझं नाव नाही घेणार. नुसतं तिला सांगते की कोणीतरी—"

"त्या ताऱ्याकडे एवढ्या बारकाईनं बघितलंय ते आम्हीच. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे तिला पाच मिनिटांत कळेल. आणि मी काल तुमच्या विभागात आले होते, हे तिनं स्वतः बघितलंय."

मॅडमनी उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"मी म्हाताऱ्याला विचारून बघते," शिडी शेवटी म्हणाली. "आडून आडून. पण तोपर्यंत चकार शब्द नको. पाया पडते तुझ्या."

फोन ठेवल्यावर मॅडम मुंगीला सांगायचं वाक्य मनात जुळवू लागल्या.

मुंगी आली ती गुणगुणतच. तिच्या आईनं तिकडे घरच्या इमारतीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिथले खालच्या मजल्यावरचे काका फोनवर विचारत होते की ग्रहाला तुझं नाव देणार का. "मी म्हटलं, मुंगी म्हणून ग्रह? लोक साखर टाकतील."

"बस जरा," मॅडम म्हणाल्या.

ती बसली. मॅडमनी वाक्य मनात चार वेळा घोळवलं होतं, तरी ते बाहेर आलं ते तुटकंच. "सोमवारी नको पाठवूया."

"का?"

"ठिपका आणखी एकदा तपासून घे. दिवसवार. प्रत्येक दिवसाचं चित्र वेगळं काढ."

"पण एकेका दिवसात ठिपका दिसण्याइतका दमच नाही, मॅडम. नुसता गोंगाट येईल, भलतेसलते डाग. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. तरी काढ."

"दोन भाग करून बघितलं होतं ना आपण."

"दुसऱ्या भागात तो फिका होता."

"हवा दमट होती म्हणून! हेही तुम्हीच म्हणाला होतात." मुंगीच्या चेहऱ्यावरचं हसू आता पूर्ण गेलं होतं. "मॅडम, काल दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. काल तुम्ही 'हो' म्हणालात. एका रात्रीत असं काय झालं?"

"काही नाही. मला शंका आहे."

"कसली? कारण सांगा. मी उत्तर देते."

"कारण सांगता येणार नाही."

हे बोलायला नको होतं. पण बोलून गेल्या. मुंगीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ओळखीच्या घराचं कुलूप बदललेलं आहे आणि किल्ली आत फिरत नाहीये.

"तुम्हाला पहिलं नाव हवंय का?" तिनं हळू विचारलं.

"काय?"

"निबंधावर. माझं पहिलं आहे, तुमचं शेवटचं. बाकीच्या मुली सांगायच्या की मोठी गोष्ट हाती लागली की गाइड असंच करतात. आधी थांबवतात, मग हळूहळू... मी म्हणायचे, आमच्या मॅडम तशा नाहीत."

मॅडमचा चेहरा तापला. इतक्या वर्षांत कोणी त्यांना असं तोंडावर बोललं नव्हतं. एका वाक्यात त्या मुलीचं तोंड बंद करता आलं असतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पहिलं नाव तुझंच राहील," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी निबंध जाणार नाही."

मुंगी उठली आणि दार न आपटता, अगदी सावकाश लावून गेली. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

*

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं. प्रमुख तसे भले गृहस्थ, पण वर्तमानपत्रात फोटो यावा ही त्यांची जुनी हौस. मुंगी त्यांच्याकडे जाऊन आली होती, हे त्यांच्या भुवयांवरूनच दिसत होतं.

"अहो मॅडम, लगीनघाई आमची आणि रुसवा तुमचा?" ते म्हणाले. "मी दोन बातमीदारांना सांगून बसलोय. त्या मुलीची बुधवारी मुलाखत आहे. ग्रह आहे का नाही?"

"खात्री नाही."

"मागच्या आठवड्यात होती."

"हो. होती."

"मग कशानं गेली?"

मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. प्रमुखांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. "हे बघा, मी तुम्हाला चांगला ओळखतो. उगाच आडमुठेपणा करणाऱ्यातल्या तुम्ही नाही. पण बाहेर काय दिसतंय माहीत आहे? विद्यार्थिनीच्या तोंडचा घास काढताय असं दिसतंय. तिनं लेखी तक्रार केली तर मला पुढे पाठवावी लागेल."

"पाठवा."

"नाहीतर असं करा ना, निबंध जाऊ द्या. चूक निघाली तर पुढे दुरुस्ती करता येते. सगळेच करतात."

वाट एकदम मोकळी दिसली. निबंध जाईल, मुंगीला जागा मिळेल, शिडी सुरक्षित राहील. शिडीचं चित्र प्रसिद्ध झालं की 'आमची चूक झाली' म्हणायचं. विज्ञानात असं होतंच. कोणालाही कधीही कळणार नाही की मॅडमना आधीच माहीत होतं. आणि तेवढ्यासाठीच त्यांना ते जमेना. मुंगीला भर सभेत, अनोळखी लोकांसमोर, 'हा बघा ग्रह' म्हणत पडद्याकडे बोट दाखवताना त्यांनी मनाशी पाहिलं. मागे बसून टाळ्या वाजवणारी आपण.

"माझ्या सहीशिवाय तो जाणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि मी सही करणार नाही."

शनिवारी मुंगी आली नाही. फोन बंद. रविवारीही बंद. मॅडमनी संदेश पाठवला, 'बोलूया'; तो पोचलाच नाही. दर थोड्या वेळानं त्या फोन उलटा ठेवायच्या आणि पुन्हा सुलटा करायच्या. शिडीचा मात्र संदेश आला: 'विचारलं. आडून विचारलं तरी कान टवकारले. प्रसिद्ध होईपर्यंत एक अक्षर नाही म्हणाला. माफ कर गं.'

"अजून फोन बंद?" नवऱ्यानं विचारलं.

"अजून." मग त्यांच्या तोंडून भीती बाहेर पडली, "तिनं काही करून घेतलं असेल तर?"

"ऊठ," तो म्हणाला. "चप्पल घाल. अंदाज करत बसण्यापेक्षा जिना चढणं सोपं."

मुंगी एका धोबीखान्याच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. खाली मोठी यंत्रं घरघरत होती आणि जिन्यात साबणाची ऊब भरून राहिली होती. नवरा खालीच थांबला. मॅडम वर गेल्या. दार उघडंच होतं.

मुंगी जमिनीवर बसली होती, पाठ पलंगाला टेकून. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मॅडमचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसऱ्या काळजीनं पुन्हा वर आला. कारण मुंगीनं त्यांच्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. समोर स्टुलावर कॉम्प्युटर, आणि पडद्यावर चौकटीच चौकटी. दिवसवार चित्रं.

"फोन का बंद ठेवलास गं?"

"आई विचारत होती, पाठवला का म्हणून." आवाज बसलेला होता. "मी तुम्हाला खोटं पाडायला बसले होते. म्हटलं, दिवसवार काढते, सगळ्यांत ठिपका दाखवते, आणि ती चित्रं प्रमुखांच्या टेबलावर आपटते."

"मग?"

मुंगीनं एका चौकटीवर बोट ठेवलं. फक्त एका. तिथे फटीत ठिपका लखलखत होता. बाकीच्यांत गोंगाट होता, आणि गोंगाटात काहीच नव्हतं.

"एकाच दिवशी," ती म्हणाली. "ग्रह एका दिवसापुरता येत नाही ना, मॅडम?"

मॅडम तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"त्या दिवशी एक तबकडी नव्या जागी नेली होती," मुंगी सांगत गेली. "तिची जागा नोंदवताना जराशी चुकली असणार. ती एक तबकडी गाळली की ठिपका जातो. कालपासून गाळून बघतेय, घालून बघतेय. घातली की येतो, गाळली की जातो. दिव्याच्या बटणासारखा." ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. "मी ग्रहाशी बोलायचे मॅडम. वेडेपणा आहे, पण बोलायचे. सकाळी चित्र उघडलं की म्हणायचे, काय रे, किती वाढलास?"

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही, पण त्याच्याकडे झुकलीही नाही.

"तुम्हाला कसं कळलं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

आता तर सांगायला काय हरकत होती? चूक तिची तिनंच शोधली होती. मॅडमच्या ओठांपर्यंत शिडीचं नाव आलं. 'मी संपले,' असं ती म्हणाली होती.

"दुसरा भाग फिका होता," त्या म्हणाल्या. "ते मला सलत होतं."

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. मुंगीनं डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.

*

बुधवारी मुंगी मुलाखतीला गेली आणि ठिपक्याबद्दल एक शब्दही न बोलता नुसत्या रिकाम्या कड्याबद्दल बोलली. जागा दुसऱ्याला मिळाली. प्रमुखांनी बातमीदारांना काय सांगितलं कोण जाणे. काही आठवडे ते मॅडमना जिन्यात बघून घड्याळात बघायचे. तक्रार झाली नाही. पण मुली मॅडमच्या खोलीवरून जाताना आवाज बारीक करू लागल्या. मुंगी रोज यायची, वेळेवर, काम सांगितलं तेवढं करायची. गुणगुणणं थांबलं होतं. दोघींनी मिळून एक साधा निबंध लिहिला: कडं आहे, एवढं रुंद आहे, कशानं झालं ते माहीत नाही. तो छापून आला आणि कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

मॅडमना मात्र आता नवीनच धास्ती लागली होती. शिडीचं काम आज ना उद्या बाहेर पडणार. त्यावर शिडीचं नाव असणार. आणि मुंगी काही दुधखुळी नाही. रोज सकाळी नव्या निबंधांची यादी त्या आधी शिडीच्या नावासाठी चाळायच्या. यादीत ते नाव नसलं की एक दिवस पुढे ढकलला जायचा. खरं तर आपणच आधी सांगून टाकावं, असं त्यांना वाटायचं. पण शिडीचा होकार नव्हता, आणि धीरही नव्हता. यातलं खरं कारण कुठलं, हे त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. तो पुन्हा जबड्याची गोष्ट सांगेल अशी भीती होती.

शेवटी एका सकाळी तो निबंध आला. मॅडमनी तो वाचून संपवला नव्हता, एवढ्यात मुंगी दारात उभी राहिली. हातात काही नव्हतं. आत येऊन तिनं दार लावून घेतलं.

"तुमची मैत्रीण," ती म्हणाली. "त्या गुरुवारी आली होती ती."

"हो."

"तिनं तुम्हाला दाखवलं होतं."

मॅडमनी मान हलवली. इतके महिने जी भीती वाटत होती, ती प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहिल्यावर बोलणं उलट सोपं झालं. शपथ, शिडीचा फोन, म्हातारा, सगळं त्यांनी सांगितलं. स्वतःची बाजू सावरायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा मध्येच सोडून दिला.

"मला सांगितलं असतंत तर मी कोणाला बोलले नसते," मुंगी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग? माझ्या भल्यासाठी नाही सांगितलंत, असं म्हणणार? म्हणजे मी स्वतः शोधावं वगैरे?"

"नाही गं. एवढा मोठा विचार नव्हता त्यात." मॅडमनी डोळे खाली केले. "मी घाबरले होते. तुझ्यासाठी घाबरले, तिच्यासाठी घाबरले, आणि स्वतःसाठीही. एवढंच कळत होतं की निबंध जाऊ द्यायचा नाही. पुढचं काहीच कळत नव्हतं."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकल लावत होतं. स्टँड दोनदा घसरला.

"मी तुमच्याबद्दल खूप वाईट बोलले," मुंगी म्हणाली. "सगळीकडे. कॅन्टीनमध्ये सुद्धा."

"कानावर आलं."

"काय आलं?"

"जळकुकडी."

मुंगीचा चेहरा लाल झाला. "ते मी नाही म्हटलं. मी 'सरडा' म्हटलं होतं."

"ते नव्हतं आलं," मॅडम म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू फुटलं. पण ते हसू फार टिकलं नाही. मुंगीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसली मात्र नाही.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर होतात हे कळतंय मला. पण ते तीन दिवस मी तुम्हाला चोर समजत होते, आणि तुम्ही मला समजू दिलंत. ते नाही जात डोक्यातून. कदाचित जाईल. कदाचित नाही."

"नाही गेलं तरी चालेल."

"चालेल कसं? मला तुमच्याकडेच पीएचडी पुरी करायची आहे." तिनं नाक पुसलं. "आणि त्यांचं चित्र छान आहे हो. फारच छान आहे. मला जरा रडूच आलं बघून."

"तिला कळवू? आनंद होईल तिला."

"कळवा. आणि विचारा, चकतीच्या कडेशी धूळ एका बाजूला जास्त का आहे. निबंधात त्यांनी त्याच्यावर एक ओळ लिहून सोडून दिलंय. त्यांना दिसलं नाही, की दिसूनही सांगायचं नाहीये?"

मॅडमनी मान वर केली. त्यांनी ते अजून वाचलंच नव्हतं. पडदा मुंगीकडे वळवून त्यांनी चित्र मोठं केलं. डाव्या कडेला उजेड खरोखरच दाट होता.

"हे एकाच दिवशीचं नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं.

"तेच म्हणते मी," मुंगी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.